चिखलालाही पत्ता असतो : पुण्याच्या नदीकाठाचे निर्णय घेणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
पुण्याच्या नदीकाठाचे आराखडे करणारे, ते मंजूर करणारे आणि काठावर यंत्रं पाठवणारे सर्व संबंधित

विषय : बंडगार्डनच्या बंधाऱ्याखालचा काठ आहे तसा राखण्याबाबत

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

गेल्या चैत्रातली गोष्ट आधी सांगते, म्हणजे या पत्राचं कारण कळेल.

मुळा-मुठेवरच्या बंडगार्डनच्या बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, येरवड्याच्या बाजूने, उन्हाळ्यात गोट्यांची एक पट्टी उघडी पडते. तिथे टिटवीने चार अंडी घातली होती. टिटवी घरटं म्हणावं असं काही बांधत नाही. गोट्यांत जरासा खळगा करते आणि गोट्यांच्याच रंगाची अंडी त्यात ठेवते. मला ती दहा पावलांवरून दिसत नाहीत, नदीकाठ सुधारायच्या कामावर आलेल्या पोकलेनच्या केबिनमधून काय दिसणार? मी हात हलवत पुढे गेले. चालवणारा मुलगा खाली उतरला. "काय झालं मावशी?" मी बोटाने दाखवलं. तो बराच वेळ वाकून बघत होता. मग म्हणाला, "आयला, मला दगडच वाटले." त्याने चार बाजूंना काटक्या रोवल्या, त्यांना आपला लाल गमछा गुंडाळला आणि दुपारपर्यंत तेवढ्या जागेला वळसा घालून काम केलं. दुसऱ्या दिवशी गेले तर चालक दुसरा होता. गमछा नव्हता, खळगा नव्हता, पट्टीच नव्हती. टिटवीची जोडी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती.

चूक त्या मुलाची नव्हती आणि दुसऱ्या चालकाचीही नव्हती. त्यांच्या हातात जो कागद होता, त्यात टिटवी नव्हती. तो कागद ज्यांच्या टेबलावरून गेला, त्यांच्यासाठी हे पत्र आहे. चारचौघांत लिहिते आहे, कारण काठ माझ्या एकटीचा नाही.

मी येरवड्याची. टपाल खात्यात ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी पत्रं निवडण्याच्या टेबलावर. अर्धवट पत्ते, उलटसुलट गल्ल्या, पिनकोड नसलेली पाकिटं, सगळं वाचून योग्य खणात टाकायचं. वडील सरकारी छापखान्यात होते. रविवारी ते आम्हा भावंडांना जुना पूल ओलांडून बागेत न्यायचे. पक्ष्यांची नावं त्यांना येत नसत. पाण्यातल्या लांब तांबड्या पायांच्या पक्ष्याला ते 'काडीपायऱ्या' म्हणायचे. पुढे कळलं की तो शेकाट्या. नव्वदच्या दशकात मी जुन्या बाजारातून एक दुर्बीण घेतली आणि नोकरीवर जायच्या आधी तासभर बंधाऱ्यावर उभी राहू लागले. तेव्हापासूनच्या बावीस वह्या घरात आहेत. मी शास्त्रज्ञ नाही, कुठल्या संस्थेची पदाधिकारी नाही. माझं भांडवल एवढंच, की एकाच जागी मी खूप वेळा उभी राहिले आहे.

ही जागा साधी नाही, हे तुम्हाला माहीत असेल. तरी लिहिते. सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हा बंधारा झाला, त्याच्या काठाने बाग झाली, आणि बागेला नाव पडलं तेच मुळी बंधाऱ्यावरून. आज पाटीवर महात्मा गांधी उद्यान आहे. रिक्षावाल्याला मात्र बंडगार्डनच सांगावं लागतं. शेजारचा कमानींचा दगडी पूल १८६७चा, टोकांना सिंह बसवलेला, गव्हर्नर फिट्झजेराल्डच्या नावाचा. गाड्यांचं ओझं आता त्याच्यावर नाही. पलीकडच्या काठावर डॉ. सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे. पावसाळ्यात पंढरपूरकरांचंही लक्ष इकडे असतं, कारण उजनीत किती पाणी येणार हे सांगताना बातम्यांत आधी 'बंडगार्डनचा विसर्ग' येतो.

पक्ष्यांच्या दृष्टीने बंधाऱ्याने एक वेगळीच गंमत करून ठेवली आहे. वरच्या अंगाला पाणी अडून खोल आणि संथ होतं. तिथे पाणकावळे बुड्या मारतात, हळदी-कुंकू बदकं पोहतात. (चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके. नाव ठेवणाऱ्याला साष्टांग दंडवत.) खालच्या अंगाला मात्र काळा खडक, त्यातून फुटणाऱ्या उथळ धारा, गोट्यांच्या पट्ट्या आणि पावसाने आणून टाकलेला गाळ. तिथे चालणारे पक्षी : शेकाटे, तुतवार, धोबी, बगळे. त्याच्या पलीकडे पाणकणसाची दाटी, आणि मागे बागेतली जुनी झाडं. चार प्रकारची घरं दहा मिनिटं चालण्याच्या अंतरात. पुण्याच्या दुसऱ्या कुठल्या बागेत हे असं लागोपाठ मिळत असेल तर मला सांगा, मी तिथेही जाईन.

आता वर्ष कसं जातं ते सांगते. तुमच्या कागदात ते नाही, म्हणून जरा सविस्तर.

आमचं वर्ष गौरी-गणपतीत सुरू होतं. विसर्जनाची गर्दी ओसरते न ओसरते तोच एखाद्या सकाळी बंधाऱ्याच्या ओल्या दगडावर करडा धोबी शेपटी वरखाली करत उभा असतो. हिमालयाकडून आलेला, मूठभर वजनाचा. तुतवार त्याच्याही आधी, श्रावणातच गुपचूप येऊन गाळात चोच खुपसायला लागलेले असतात. दसरा-दिवाळीच्या दरम्यान बदकं उतरतात : थापट्या, तलवार बदक, आणि नशीब असेल तर चक्रवाक. केशरी अंगाची ही जोडी लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकडून, मध्य आशियाकडून येते. जुन्या काव्यात त्यांची रात्री ताटातूट होते. आमच्या नदीवर ती दिवसाही एकमेकांपासून फार लांब गेलेली मी पाहिली नाहीत. पाणकणसात त्याच सुमाराला शंकर येतो. गळ्याशी निळा पट्टा, स्वभावाने अतिशय लाजरा. दहा मिनिटं हलायचं नाही, खोकायचं नाही, तेव्हा तो पाणकणसाच्या पायथ्याशी दोन उड्या मारून दर्शन देतो आणि परत आत जातो. एका हिवाळ्यात त्याच्यासाठी मी सलग सोळा दिवस गेले होते. सतराव्या दिवशी दिसला, तेव्हा नेमकी चष्म्यावर वाफ धरलेली.

माघ-फाल्गुनात पांगारा आणि शेवरी फुलते तेव्हा भोरड्यांचे थवे येतात. संध्याकाळी आभाळात त्यांची चादर झटकल्यासारखी हलते. होळी झाली की हिवाळी पाहुणे हळूहळू निघतात. बदकं एक दिवस असतात, दुसऱ्या दिवशी नसतात. निरोप घ्यायची पद्धत त्यांच्यात नाही.

तुम्हाला वाटेल, आता काठ मोकळा झाला. मोकळा नाही होत, तेव्हा इथल्यांची बाळंतपणं सुरू होतात. टिटवी गोट्यांत. पुलाच्या कमानीखाली तारवाली भिंगरी चिखलाची वाटी करते, त्या चिखलासाठी तिला काठ लागतो. बागेत राखी धनेशाची मादी ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते. आत अंडी, पिल्लं आणि ती. बाहेरून नर फटीतून फळं भरवतो. असं कित्येक आठवडे. या दिवसांत ते झाड तोडलं तर काय तुटतं, याचा हिशेब एका झाडाचा लागत नाही. वैशाखात तांबट आणि कोकीळ मिळून सकाळ डोक्यावर घेतात. ज्येष्ठात चातक येतो. तो आफ्रिकेकडून येतो, आणि पावसाच्या आधी चार दिवस का होईना, येतो.

आषाढात पाणी बंधाऱ्यावरून पांढरं होऊन कोसळतं, आमची खालची पट्टी बुडते. त्याच वेळी पाण्यावर झुकलेल्या बाभळीच्या फांद्यांना सुगरणीचे खोपे लोंबायला लागतात. विणतो तो नर. मादी येऊन तपासते आणि पसंत नसेल तर सरळ निघून जाते. गायबगळे केशरी होतात, वंचकाची पाठ तपकिरी-तांबडी होते. एरवी मातीत मिसळून जाणारा हा पक्षी महिनाभर नवरदेव असतो. मग पूर ओसरतो, नवा गाळ मागे राहतो, तुतवार येतात आणि माझ्या वहीत नवं वर्ष सुरू होतं.

एवढं सांगून झाल्यावर आता तक्रारी.

पहिली, आणि माझ्या मते मुख्य : तुम्ही काठाला रिकामी जागा समजता. जे पाणी नाही आणि बाग नाही ते पडीक, असा तुमच्या नकाशाचा हिशेब दिसतो. म्हणून उतारावर दगड बसवायचे, वर फरसबंदी करायची, कठडा लावायचा. दिसायला नेटकं होतं, हे मी मान्य करते. पण ज्याला तुम्ही चिखल म्हणता ते तुतवाराचं ताट आहे. त्याची चोच नरम गाळात शिरण्यासाठी घडलेली आहे, दगडाच्या उतारावर तो उभा राहील कशाला? अर्धा ओला, अर्धा कोरडा, दर महिन्याला थोडा सरकणारा असा जो पट्टा असतो, तोच पक्ष्यांचा काठ. दगडाच्या उताराने पाणी आणि जमीन यांच्यात एक रेघ मारली जाते, आणि त्या रेघेवर राहणारं कोणी नाही. आमच्या खात्यात पत्ता नीट असूनही घरच पाडलेलं असलं, की पाकिटावर शेरा मारून ते परत पाठवायचो. इथे तो शेरा मारायलाही कोणी नाही. पक्षी येतो, एक चक्कर मारतो, पुढे निघून जातो. पुढे कुठे, ते आपल्याला कळत नाही.

काठ आवळला की पुराचं काय, हा प्रश्न मी अभियंत्यांवर सोडते. फक्त २५ जुलै २०२४ची सकाळ आठवा. खडकवासल्याचं पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्याच्या बाजूला घरांत शिरलं होतं. नदीला पाय पसरायला जागा लागते, हे त्या घरांतल्या लोकांना आता कोणी शिकवायला नको.

दुसरी तक्रार वेळापत्रकाची. काम आर्थिक वर्षाच्या हिशेबाने चालतं, म्हणजे सगळी घाई मार्चअखेर. मार्च म्हणजे एकीकडे हिवाळी पाहुण्यांची परतीच्या प्रवासाआधीची खाण्याची वेळ, आणि दुसरीकडे टिटवीची अंडी. वर्षातून एक महिना मुद्दाम चुकीचा निवडायचा म्हटलं असतं, तरी याहून चुकीचा सापडला नसता.

तिसरी. राज्यात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ तारखेचा, सलीम अलींचा १२ तारखेचा, म्हणून हा आठवडा निवडला. सुंदर कल्पना आहे. एका वर्षी याच आठवड्यात मी काठावर दोन गोष्टी एकाच वेळी पाहिल्या : सप्ताहाचा फलक, आणि फलकाच्या मागे पाणकणीस उपटणारं यंत्र. 'स्वच्छता मोहीम' असं कळलं. जलपर्णी काढा, हवी तेवढी काढा, मी स्वतः हात लावते. ती दक्षिण अमेरिकेतून आलेली आहे आणि पाण्याचा श्वास कोंडते. पण पाणकणीस ही जलपर्णी नाही. ते इथलं आहे, मुळं गाळ धरून ठेवतात, आणि त्यात माझा शंकर राहतो. यंत्राला दोन्ही हिरवंच दिसतं. यंत्राला सांगणाऱ्या माणसाला तरी फरक माहीत असावा, एवढी अपेक्षा आहे.

चौथी, दिवे. काठाच्या बाजूला उंच खांबांवर पांढरे झगझगीत दिवे लागले, तेव्हा लोकांनी स्वागत केलं. बायकांना सुरक्षित वाटतं, मलाही वाटतं. पण दिवा पायवाटेवर पडायला हवा, तो पाण्यावर का पडतो? रातबगळे संध्याकाळी बाहेर पडतात, बाकीचे बगळे त्याच वेळी झाडावर मुक्कामाला येतात. उजेडात ते रात्रभर चुळबुळत राहतात. चक्रवाकासारखे कितीतरी पक्षी रात्रीचा प्रवास करतात, त्यांना अंधार लागतो. खांबावर टोपी बसवून उजेड खाली वळवायला फार खर्च येतो का, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

पाचवी, झाडं. थोडक्यात लिहिते, कारण यावर माझ्याआधी हजारो पुणेकर बोलून झाले आहेत. २०२३च्या उन्हाळ्यात नदीकाठच्या झाडांना मिठी मारायला माणसं रस्त्यावर उतरली होती. झाडांच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि ५० वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा मान मिळाला. या बागेतली किती झाडं त्या वयाची आहेत, ते प्रवेशद्वाराजवळ लिहून लावा. 'एकाच्या बदल्यात अमुक रोपं' हा हिशेब पिंगळ्याला समजावता येत नाही. त्याला ढोली लागते, आणि ढोली रोपाला नसते. वाळलेलं झाडही लगेच तोडू नका. ते वाटेवर पडणार नसेल तर उभं राहू द्या, त्याच्यात अजून भाडेकरू असतात.

सहावी तक्रार मी जरा संकोचाने करते, कारण ती मला आवडणाऱ्या पक्ष्याविरुद्ध जाते. माझ्या वह्यांत एक गोष्ट स्पष्ट दिसते : शेकाटे वाढले, आणि पाण्यात सूर मारून मासे धरणारे कमी झाले. पूर्वी नदी सुरय आणि कवड्या खंड्या रोजचे होते, आता त्यांची नोंद करताना मी तारखेखाली रेघ मारते. शेकाट्या सांडपाण्याच्या चिखलातल्या अळ्यांवर मजेत जगतो. त्यामुळे शेकाट्यांचा मोठा थवा पाहून 'काय पक्षिवैभव!' असं म्हणणाऱ्या पाहुण्यांपुढे मी गप्प बसते. तो थवा म्हणजे नदीच्या आजाराचा तपासणी अहवाल आहे. ११ मैलाशुद्धी केंद्रांची, रोज ३९.६ कोटी लिटर पाणी शुद्ध करण्याची योजना २०१६ साली मंजूर झाली. पाणी आधी आणि काठ नंतर, असा क्रम असायला हवा होता. घरात मोरी तुंबलेली असताना आपण आधी दिवाणखान्याला रंग काढत नाही.

आणि सातवी, विचारण्याची. मी दोन अर्ज दिले. दोन्हींची पोच मिळाली. दुसऱ्यावर उत्तरही आलं, एका ओळीचं : 'आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे.' त्या विभागात चौकशी केली, तर त्यांनी ते पहिल्या विभागाकडे परत पाठवलं होतं. आयुष्यभर पत्रं पोहोचवली, माझंच पत्र दोन टेबलांच्या मध्ये अडकलं. रागावले नाही. हसू आलं, मग थोडं वाईट वाटलं.

तुमची बाजूही मला दिसते. नदीकाठ घाणेरडा होता, हे खोटं नाही. राडारोडा टाकलेला, प्लॅस्टिक अडकलेलं, सकाळी नाक दाबून चालावं लागे. मुलांना घेऊन कोणी येत नसे. संगमापासून वर-खाली मिळून ४४ किलोमीटरचा काठ लोकांसाठी खुला व्हावा, हा विचार वाईट कसा म्हणू? माझ्याच शेजारणी म्हणतात, "तुला पक्षी दिसतात, आम्हाला चालायला जागा हवी." त्यांचं बरोबर आहे. मलाही गुडघ्यांमुळे आता सपाट वाट हवी असते. पण ४४ किलोमीटरमध्ये बंधाऱ्यापासून सलीम अली अभयारण्यापर्यंतचा तुकडा केवढासा! तेवढा सोडून बाकीच्या ठिकाणी चालायची वाट होऊ शकत नाही का? आणि इथेही वाट असू द्या, मातीची, काठापासून थोडी मागे. पक्ष्यांना माणसांची इतकी अडचण नसते. आम्ही तीस वर्षं एकमेकांना सोसतो आहोत.

मागण्या आता सरळ लिहिते.

बंधाऱ्याखालच्या अंगापासून सलीम अली अभयारण्याच्या शेवटापर्यंत येरवड्याच्या काठावर दगडी उतार किंवा भिंत नको. जिथे बांधकाम अजून पुरं झालेलं नाही, तिथे ते आहे त्या जागी थांबवावं.

गोट्यांच्या पट्ट्या आणि गाळ यांत यंत्र वर्षातल्या कोणत्याही महिन्यात उतरवू नये. 'मग काम करायचं कधी?' असं विचाराल, तर बागेच्या आतल्या वाटा, बाकं, स्वच्छतागृहं यांची कामं बाराही महिने करा, माझी हरकत नाही. (स्वच्छतागृहं तर आधी करा.)

पाणकणीस काढायचंच असेल तर पावसाळा संपण्याआधी, हाताने, आणि एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नाही. काढणाऱ्या माणसांना दोन दिवसांचं प्रशिक्षण द्या. शिकवायला मी फुकट येईन.

पाण्याकडे तोंड असलेले दिवे खाली वळवा, आणि बाग बंद झाली की विझवा.

नवी झाडं लावायचीच असतील तर नदीकाठची लावा : वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ. शोभेचे ताड नकोत. वाळुंज या झाडाच्या नावाची गावं आहेत आपल्याकडे, आणि नदीकाठावर ते शोधावं लागतं.

जैवविविधता कायदा २००२चा आहे. त्यानुसार स्थानिक जैवविविधतेची लोक नोंदवही करायची असते. या तुकड्याचं त्यातलं पान आराखड्याला जोडा आणि लोकांना वाचायला द्या, मराठीत. त्यात पक्ष्यांचे महिने कमी पडत असतील तर माझ्या बावीस वह्या घेऊन जा. पोचपावती मात्र द्या.

आणि पुढचा निर्णय घेण्याआधी एक सभा घ्या. सभागृहात नको. सकाळी साडेसहाला बंधाऱ्यावर, मार्गशीर्षात. नकाशा जमिनीवर पसरा आणि त्याच्यावर बोट ठेवून सांगा, कुठे काय होणार. आम्ही समोर बोट दाखवून सांगू, तिथे आज कोण बसलं आहे.

टिटवीसुद्धा समुद्र आटवते, अशी म्हण आहे आपल्याकडे. मला समुद्र आटवायचा नाही. थोडासा चिखल मागते आहे, तोही माझ्या नावावर नको.

उत्तर वरील विषयाचा उल्लेख करून पाठवावं. पिनकोड ४११००६. रविवार सोडून रोज सकाळी नऊनंतर मी घरी असते, त्याआधी कुठे असते ते आता तुम्हाला माहीत आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त टपाल कर्मचारी
येरवडा, पुणे

ता. क. : काठावर लावलेल्या फलकावर पूर्ण झालेल्या कामाचं संगणकी चित्र आहे. त्यात निळ्या पाण्यात दोन पांढरे राजहंस पोहताना दाखवले आहेत. या नदीवर मी तसला हंस एकदाही पाहिलेला नाही. चित्र बदलताना तिथे शेकाट्या घालावा. पाय लांब आणि गुलाबी-तांबडे, चोच सुईसारखी, पंख काळे, पोट पांढरं. चित्रकाराला अडचण वाटली तर त्याला सकाळी पाठवा, माझ्याकडे दुसरी दुर्बीण आहे.